कर्करोग उलटला तर

लहानपणी बरा झालेला रक्ताचा कर्करोग काही वर्षांनी उलटला की आळंदी-चाकण भागातील आईवडील मला विचारतात, ‘डॉक्टर, नवस फेडायचा राहिला म्हणून का?’ तसे नसते. औषधाला न जुमानणाऱ्या थोड्या पेशी शरीरात दडून राहतात व पुन्हा वाढतात. पुन्हा केमोथेरपी, काहींना अस्थिमज्जा रोपण, यांनी अनेकजण बरे होतात.

विशीतल्या रुग्णाला माउलींवरील श्रद्धा बळ देते. ती मोडू नये. मात्र केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात व जंतुसंसर्ग लवकर होतो, म्हणून इंद्रायणीचे तीर्थ पिऊ देऊ नये. ताप १००.४ अंशांवर गेल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सोबतीच्या पाळ्या घरातल्यांनी शिफ्टप्रमाणे वाटून घ्याव्यात. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रास भेटावे. आणि रुग्णापासून आजार लपवू नये.