ट्राउटच्या नदीवरची सहल : आखणीचा एक अभ्यास

सहलीची आखणी म्हटली की आपल्या महाविद्यालयात तीन प्रश्न हमखास विचारले जातात. गाडी कुठली, मुक्काम कुठे आणि माणशी वर्गणी किती? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की आखणी झाली असे आपण समजतो. गेल्या वर्षी भूगोल विभागाच्या क्षेत्र प्रकल्पासाठी 'डोंगरी नदीवर वाटाड्यासह मासेमारीची सहल' हा विषय चिठ्ठीने माझ्या वाट्याला आला, तेव्हा मीही याच तीन प्रश्नांपासून सुरुवात केली. तो आराखडा चुकला. तो कसा चुकला आणि कसा दुरुस्त झाला, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. विषय मासेमारीचा असला तरी कोणत्याही शैक्षणिक सहलीला त्यातले काही उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

ट्राउट आपल्याकडे का नाही?

विषय वाचून वर्गातल्या मित्रांचा पहिला प्रश्न होता, "अरे, शिरूरला घोड आहे, दौंडला भीमा आहे, मग माशासाठी हिमाचलात कशाला जायचे?" प्रश्न थट्टेचा असला तरी शास्त्रीय आहे. घोड आणि भीमा या दोन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावतात, म्हणजे त्याही डोंगरी नद्याच. पण ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. साधारण १० ते १८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तो सुखाने राहतो. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याची तगमग सुरू होते आणि २५ अंशांच्या आसपास तो तग धरू शकत नाही.

याचे एक कारण प्राणवायूत आहे. पाणी जितके थंड तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. त्यातून आपल्या नद्या पावसावर पोसलेल्या. उन्हाळ्यात प्रवाह तुटतो, डोह तेवढे उरतात आणि डोहाचे पाणी तापते. हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यातही बर्फाचे पाणी मिळते. हजार मीटर चढल्यावर हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हा नियम आपण अकरावीला पाठ केलेला असतो. निलगिरीसारख्या दोन हजार मीटरांवरच्या पठारावर ट्राउट जगतो आणि आपल्या सह्याद्रीत जगत नाही, याचे उत्तर त्या एका नियमात बरेचसे सापडते.

ट्राउट हा मुळात भारतीय मासा नव्हे. तपकिरी ट्राउट युरोपातला, तर इंद्रधनुषी ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला. इंग्रज अधिकाऱ्यांना आपल्या देशातला खेळ इथे हवा होता. १८९९ साली काश्मीरला पाठवलेली पहिली अंडी वाटेतच नासली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली अंडी मात्र जगली. तिथून १९०९ साली ट्राउट कुलूच्या खोऱ्यात आला आणि बियास, तीर्थन, उहल या नद्यांत वाढला. आज पतलीकुहल येथे हिमाचलच्या मत्स्य विभागाचे ट्राउट पैदास केंद्र आहे.

मग आपल्या नद्यांचा मानाचा मासा कोणता? तो महसीर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळणाऱ्या महसीराला त्याने 'खुद्री' हे नाव दिले आणि तेच आज त्याचे शास्त्रीय नाव आहे. चाकणजवळच्या इंद्रायणीतला 'नुक्ता' आणि भीमेतला, पेडगावजवळचा 'फुलुंगी' ही नावेही त्याचीच. पेडगाव दौंडहून फारसे दूर नाही. ही नावे लॅटिन नव्हेत, इंग्रजीही नव्हेत. ती साहेबाला इथल्याच मासेमारांकडून मिळाली असणार. आपल्या भागात ज्याला वाटाड्या म्हणावे असे लोक तेव्हाही होते, एवढे यावरून ध्यानात येते. या महसीराची पैदास १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने चालवली. ते केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, हे जाता जाता नमूद करतो.

कृत्रिम माशीची मासेमारी

आपल्याकडे गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात. ट्राउटच्या या प्रकारात गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून माशी तयार करतात. ट्राउटचे बरेचसे अन्न म्हणजे पाण्यातल्या दगडांखाली वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या आणि पाण्यावर उतरलेल्या माश्या. त्यांचीच ही नक्कल. काही माश्या पाण्यावर तरंगतात, काही बुडून अळीसारख्या वाहतात.

ही माशी इतकी हलकी की ती फेकताच येत नाही. म्हणून इथे वजन दोरीला दिलेले असते. सुमारे नऊ फुटांची लवचीक काठी मागे-पुढे हलवून दोरी हवेत उलगडायची आणि दोरीबरोबर माशी अलगद पाण्यावर टेकवायची. यात जोरापेक्षा ताल महत्त्वाचा.

मासा प्रवाहाकडे तोंड करून, दगडाच्या आडोशाला उभा राहतो. त्यामुळे आपण त्याच्या मागून, म्हणजे खालच्या अंगाने वर चढत जायचे. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो. काठावर ताठ उभा राहिलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला दिसतो, वाकलेला माणूस सहसा दिसत नाही. पदार्थविज्ञानाच्या तासाला प्रकाशाचे वक्रीभवन कंटाळवाणे वाटले होते, ते इथे कामी आले.

पहिला आराखडा

मी निवडलेली नदी तीर्थन. ती हिमाचलच्या कुलू जिल्ह्यात, ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत उगम पावते आणि लारजीजवळ बियासला मिळते. या उद्यानाला २०१४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. प्रवास सोपा होता. दौंड-मनमाड मार्गाने दिल्लीकडे जाणारी गाडी, दिल्लीहून कुलूची रात्रीची बस, औटला उतरून बंजारकडची स्थानिक गाडी. आठ विद्यार्थी, एक प्राध्यापक, एकूण नऊ दिवस. महिना ठरवला मे, कारण तेव्हा परीक्षा संपलेल्या असतात. खर्चाच्या तक्त्यात सगळ्यात शेवटी एक ओळ होती : 'स्थानिक वाटाड्या, जमल्यास.'

हा आराखडा मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या घरी मासेमारी पिढीजात आहे. वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, घोडवर जाळे टाकतात. हिमालय त्यांनी पाहिलेला नाही. जाळ्याचा फाटका पदर सांधता सांधता त्यांनी तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न : "तिकडं बर्फ कवा वितळतं?" मी म्हणालो, "मे-जूनमध्ये." तात्या म्हणाले, "मग तवाच नदीला पाणी चढत असंल. गढूळ पाण्यात तुझी माशी माशाला दिसायची कशी?"

मी पुन्हा पुस्तके उघडली. तात्यांचे म्हणणे खरे होते. बर्फ जोराने वितळू लागले की नद्या फुगतात आणि पाणी दुधाळ होते. जुलै ते सप्टेंबर पावसाळा. जुलै २०२३ मध्ये याच खोऱ्यात पुराने रस्ते आणि पूल वाहून नेले होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ट्राउटच्या विणीचा काळ, तेव्हा हिमाचलात ट्राउटच्या नद्यांवर मासेमारीला बंदी असते. म्हणजे वर्षातले चांगले काळ दोनच उरतात. एक मार्च-एप्रिल आणि दुसरा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मी सहल आमच्या सुटीप्रमाणे बसवली होती. नदीचे वेळापत्रक मी पाहिलेच नव्हते.

दुसरा प्रश्न : "वर धरण हाय का?"

या प्रश्नाने मी गप्प झालो. चिंचणीच्या धरणाखाली राहणाऱ्यांना आवर्तन म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ऊन कडक असते, आभाळ कोरडे असते, आणि तरी पात्रात पाणी येते. तीर्थनचे पाणी ज्या बियासला मिळते तिच्यावर लारजीलाच धरण आहे. ८ जून २०१४ रोजी त्या धरणाखाली, थलौटजवळ, हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीत नदीच्या दगडांवर उतरले होते. धरणातून सोडलेले पाणी अचानक आले आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. ते आपल्याच वयाचे होते. त्यांच्याही सहलीत गाडी, मुक्काम आणि वर्गणी ठरलेली असणारच. आमची बस त्याच रस्त्याने जाणार होती आणि चहासाठी कुठेतरी थांबणार होती. माझ्या आराखड्यात याविषयी एक अक्षरही नव्हते.

तिसरा प्रश्न : "धरायचा आन् सोडून द्यायचा? मग धरायचा कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही पुरते देता आलेले नाही. हिमाचलच्या नियमांप्रमाणे ठरावीक लांबीपेक्षा लहान ट्राउट परत सोडावा लागतो आणि दिवसाला किती ठेवायचे यालाही मर्यादा आहे. बरेच हौशी मासेमार सगळेच मासे सोडतात. ज्याचे पोट माशावर आहे त्याला हा खेळ विचित्र वाटणार, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही. पण तात्या स्वतः बारीक आसाचे जाळे वापरत नाहीत आणि पहिल्या पावसात चढणीला लागलेले गाभोळीचे मासे धरत नाहीत. त्यांना मी हे बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "ते येगळं. ते उद्यासाठी." माझ्या मते तिथला नियमही उद्यासाठीच आहे. फरक इतकाच की आमच्याकडे तो तात्यांच्या मनात आहे आणि तिथे परवान्यावर छापलेला आहे.

सुधारलेला आराखडा

नवा आराखडा असा तयार झाला.

काळ ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. यासाठी सत्र परीक्षेच्या तारखा आधी पाहाव्या लागतील. दिवाळीच्या सुटीवर विसंबून चालणार नाही, कारण ती पुष्कळदा नोव्हेंबरात जाते आणि तेव्हा नदी बंद असते.

नऊ दिवसांपैकी पाच प्रवासाचे, चार नदीवरचे. या चारांपैकी एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवला आहे. पाऊस आला किंवा रस्ता बंद झाला तर तो हाताशी असावा. मोकळा दिवस वाया जातो असे मला पूर्वी वाटे.

दोन विद्यार्थ्यांमागे एक वाटाड्या. दोरी हवेत असताना मागे कोण उभे आहे हे पाहायलाही माणूस लागतो. गळ डोळ्याला लागू नये म्हणून चष्मा आणि टोपी सर्वांना सक्तीची. मासेमारीचा परवाना मत्स्य विभागाकडून प्रत्येकाच्या नावाने घ्यायचा. साहित्य विकत न घेता तिथेच भाड्याने घ्यायचे. गळ बिनकाट्याचे, म्हणजे सोडताना माशाचे तोंड फाटत नाही. मासा हातात घेण्यापूर्वी हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो.

जाण्यापूर्वी महिनाभर दर रविवारी महाविद्यालयाच्या मैदानावर दोरी फेकण्याचा सराव. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधला की झाले.

बियासच्या काठी, विशेषतः धरणाच्या खालच्या भागात, कोणीही पात्रात उतरायचे नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. तीर्थनवरही वाटाड्या 'बाहेर या' म्हणाला की कारण न विचारता बाहेर यायचे. कारण काठावर आल्यावर विचारता येते.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारले, "पहिल्या आणि दुसऱ्या आराखड्यात मुख्य फरक कोणता?" मी खर्चाचा तक्ता पुढे केला. वाटाड्याची शेवटची ओळ आता पहिल्या क्रमांकावर होती आणि 'जमल्यास' हा शब्द खोडला होता. तारखा, मुक्काम, रोजची वेळ हे सगळे त्याला विचारून मग ठरवायचे, असे शेऱ्यात लिहिले होते. सरांनी विचारले, "हे कोणत्या संदर्भग्रंथात मिळाले?" मी तात्यांचे नाव सांगितले. सरांनी ते कागदावर लिहून घेतले आणि पुढच्या रविवारी घोडवर येऊ का, असे विचारले.

सहल अजून व्हायची आहे. आठ नावे हवीत, पाच झाली आहेत. इच्छुकांनी भूगोल विभागात भेटावे.