प्रेअरीवरील नारिंगी रानफूल

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या विस्तीर्ण गवताळ मैदानांस ‘प्रेअरी’ असे म्हणतात. तेथील उन्हाळा कडक असतो आणि कित्येकदा आठवडेच्या आठवडे पाऊस पडत नाही. अशा वेळी सभोवतीचे गवत सुकू लागले, तरी एखादे दीड-दोन फूट उंचीचे झुडूप गर्द नारिंगी फुलांनी बहरलेले आढळते. ही वनस्पती म्हणजे ‘बटरफ्लाय वीड’ होय. हिचे शास्त्रीय नाव अस्क्लेपिअस ट्युबरोझा. आपल्याकडील रुई व हळदीकुंकू या वनस्पती हिच्याच कुळातील आहेत. मात्र रुईचे पान तोडताच जसा पांढरा चीक वाहतो, तसा हिच्यातून वाहत नाही.

मुळांचे सामर्थ्य

या वनस्पतीच्या सहनशक्तीचे रहस्य जमिनीखाली दडलेले आहे. हिचे सोटमूळ जाड व मांसल असून ते सरळ खोल जाते आणि त्यात पाणी व अन्न यांचा साठा होतो. नेब्रास्का विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन वीव्हर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खोल चर खणून प्रेअरीवरील अनेक वनस्पतींच्या मुळांचा अभ्यास केला. त्यांपैकी पुष्कळांची मुळे पाच फुटांहूनही खोल गेलेली आढळली. जमिनीचा वरचा थर कोरडा पडला, तरी अशा मुळांना खालच्या थरातील ओलावा मिळत राहतो.

बीज आणि थंडी

हिची फळे लांबट व टोकदार असतात. ती उकलली की रेशमी तंतूंचे झुबके लाभलेली बीजे वाऱ्यावर तरंगू लागतात. रुईच्या ‘म्हाताऱ्या’ उडताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य नवे वाटणार नाही. परंतु हे बीज ताजे असताना पेरल्यास सहसा चांगले रुजत नाही. हिवाळ्याची थंडी अनुभवल्यावाचून ते जागे होत नाही. अकाली अंकुर फुटून तो हिमाने मरू नये, यासाठी निसर्गाने केलेली ही योजना होय. म्हणून तेथील बागाईतदार हिवाळ्याच्या तोंडाशी पेरणी करतात. अथवा ओलसर वाळूत मिसळलेले बीज एक-दोन महिने सुमारे ५° सेल्सिअस तापमानात ठेवून वसंतात पेरतात. बीजावर मातीचा पातळ थर पुरेसा होतो. जागा भरपूर उन्हाची व पाण्याचा निचरा होणारी असावी. हिवाळ्यात पाणी साचून राहिल्यास मूळ कुजते.

धीराची कसोटी

पहिल्या वर्षी रोप जेमतेम काही इंच वाढते. बागाईतदारास ते खुरटलेले वाटते, परंतु त्याच काळात मूळ खाली उतरत असते. या वर्षी कोरड्या दिवसांत थोडे पाणी द्यावे, पुढे त्याची क्वचितच गरज भासते. खत टाकून वाढ घाईने साधू नये. फुले सामान्यतः दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी येतात. दर हिवाळ्यात वरचा भाग वाळून जातो आणि वसंतात नवे कोंभ इतरांच्या मागाहून फुटतात. रोप मेले असे समजून ते उपटले जाऊ नये, यासाठी त्याच्याजवळ खुंटी रोवून ठेवणे हिताचे असते.

मोनार्क नावाच्या फुलपाखराच्या अळ्या याच गटातील वनस्पतींची पाने खाऊन वाढतात. त्यामुळे पाने कुरतडलेली दिसली, तरी कीटकनाशक फवारू नये.

रान आणि बाग

१८३७ साली जॉन डीअर यांनी इलिनॉय राज्यात पोलादी फाळाचा नांगर तयार केला. त्यानंतर प्रेअरीची चिवट, मुळांनी विणलेली माती नांगरणे सोपे झाले. उंच गवताच्या प्रेअरीचा आज शेकडा चारहून कमी भाग उरला आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९३०च्या दशकात पडीक शेतजमिनीवर ती पुन्हा उभी करण्याचे काम हाती घेतले.

उरलेल्या प्रेअरीतून हे फूल खणून बागेत नेण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु खणताना सोटमूळ तुटते आणि झाड बहुधा दगावते. त्यामुळे बागेला ते लाभत नाही आणि रानही त्यास मुकते. बीजापासून वाढविण्यास तीन वर्षे लागली, तरी तोच मार्ग खात्रीचा आहे. एकदा मूळ खोल रुजले की तेच झाड पुढे अनेक उन्हाळे फुलत राहते.