जुना रंग खरवडताना

प्रश्न : मी अंबाजोगाईत रंगकाम करतो. शिशाचा जुना रंग काढायला सरकारी प्रमाणपत्र लागतं का?

उत्तर : अमेरिकेत लागतं, आपल्याकडे तशी सोय नाही, खरं तर हवी होती. आपला २०१६ चा नियम रंगांच्या कंपन्यांसाठी आहे : १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको. पण जुन्या वाड्यांच्या दारांवर त्याआधीचे थर आहेतच. त्यांवर कोरडा पॉलिश पेपर मारू नका, रंग जाळू नका. पाणी मारून खरवडा. लेकरांना लांब ठेवा, ती धूळ त्यांच्या मेंदूला इजा करते. कामाचे कपडे बदलूनच घरी जा.

प्रमाणपत्राची सोय नसली, तरी बांधकाम कामगार मंडळात मात्र नाव नोंदवा. मागच्या वर्षभरातल्या ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, नूतनीकरणालाही.