बावची आणि ऊन

वैशाखातली गोष्ट. आमचा पुतण्या छपरीत पाय पसरून बसला होता. पोटऱ्या लालबुंद, त्यांवर टपोरे फोड. मी विचारले, "काय रे, चुलीत पाय घातलास काय?" तो म्हणाला, "नाही काकाजी. बावची लावली."

त्याच्या पायांवर पांढरे कोड आहे. ज्येष्ठात मुलगी पाहायला जायचे होते. त्याआधी डाग जावेत, म्हणून घाई. कोणीतरी बावचीचे तेल आणून दिले आणि सांगितले, "लाव आन् उन्हात बस." किती वेळ बसायचे, ते कोणी सांगितले नाही.

बावची खोटी नाही. आपले वैद्य फार जुन्या काळापासून ती कोडावर वापरतात. तिच्या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते. ते कातडीत मुरले की कातडीला ऊन लवकर लागते, आणि गेलेला रंग कधी कधी परत येऊ लागतो. इजिप्त देशातही अशीच एक वनस्पती आहे. तिथल्या एल मोफ्ती या डॉक्टरांनी १९४८ साली त्या उपचाराची माहिती छापली.

मग पाय भाजले कसे? नीट ऐका, कारण इथेच माणूस फसतो. साधे ऊन लागले तर कातडी त्याच दिवशी लाल होते. बावचीची लाली उशिरा येते. दोन, कधी तीन दिवसांनी तिचा जोर होतो. पुतण्या सोमवारी बसला. मंगळवारी पाय चांगले दिसले. त्याला वाटले, ऊन कमी पडले. म्हणून दुपारी दुप्पट वेळ बसला. गुरुवारी फोड!

असे झाले तर पहिले काम, औषध बंद. अंगावर तेल राहिले असेल तर साबणाने हळू धुवा. थंड पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके ठेवा. बर्फ नको. फोड फोडू नका. हळद, चुना, दात घासायची पेस्ट यांतले काही लावू नका. काही दिवस तो भाग कपड्याने झाका. एसटीच्या बंद काचेजवळही बसू नका. हे ऊन काचेतून येते. फोड मोठे असतील, पू झाला किंवा ताप आला, तर लगेच दवाखाना.

आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी मलम दिले. मग कापसाची वात डागावर फिरवून विचारले, "कळते का?" त्याला कळत होते. महारोगाच्या चट्ट्याची जाणीव कमी होते, कोडात ती शाबूत राहते. कोड शिवल्याने लागतही नाही. हे ऐकून पोराच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा मला समजले, त्याला भीती कशाची होती. घरात वर्षभर कोणी विचारलेच नव्हते. मीही नाही.

पाय बरे झाल्यावर त्याला नागपूरला पाठवले. तिथे प्रकाशाची पेटी आहे. तेल नाही, गोळी नाही. डोळ्यांवर चष्मा लावून ठरलेला वेळ उभे राहायचे, आठवड्यातून दोनदा. मागची लाली उतरली नसेल तर आधी सांगायचे. त्या दिवशी प्रकाश देत नाहीत.

मुलीच्या घरी त्याने डाग स्वतःच दाखवले. तिचे वडील विचार करून कळवतो म्हणाले. चार महिन्यांनी पोटरीच्या डागात, केसांच्या मुळाशी, तिळाएवढे काळे ठिपके आले आहेत. पावलांवर अजून काही नाही. तिथे रंग यायला फार उशीर लागतो, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या.