खरेदीखतातील एका शब्दाविषयी

बोरिवली

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मुलुंडच्या मिळकतीच्या खरेदीखताची नक्कल चतुःसीमेपासून साक्षीदारांच्या सह्यांपर्यंत सावकाश वाचली. परिशिष्टात क्षेत्र ३०० चौरस मीटर लिहिले आहे. विक्रेत्यांच्या जुन्या खतात मात्र ते ३०० चौरस वार आहे, आणि मिळकत पत्रिकेवरील सुमारे २५१ चौरस मीटर हा आकडा त्याच्याशीच जुळतो. मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत सामील झाले, त्या सुमाराचे कागद वारांत बोलतात आणि आजचे मीटरांत. लेखनिकाने आकडा तसाच उचलला आणि पुढचे माप तेवढे बदलले.

चूक आपल्या लाभाची आहे, मग तिला हात कशाला लावावा, हा तुझ्या पत्रातला विचार मला मुळीच रुचला नाही. विक्रेत्याजवळ जे नव्हते ते तो तुला देऊ शकत नाही. ती ४९ चौरस मीटर जमीन केवळ कागदावर आहे, आणि उद्या इमारतीच्या पुनर्विकासाची गोष्ट निघाली, वकिलाने शोध घेतला, शेजाऱ्याने मोजणी मागितली, की सारी मिळकतच संशयाच्या छायेत येईल.

मूळ दस्तावर खाडाखोड करण्याचा मोह धरू नकोस. नोंदविलेल्या दस्ताची चूक नोंदविलेल्या दस्तानेच सुधारावी लागते. चूक दुरुस्ती पत्रात मूळ खताचा दस्त क्रमांक, दिनांक व दुय्यम निबंधकांचे कार्यालय नमूद कर. चुकीचा मजकूर जसाच्या तसा उद्धृत करून त्याखाली दुरुस्त मजकूर लिही, आणि बाकीच्या अटी, शर्ती व मोबदला पूर्ववत कायम आहेत असे स्पष्ट म्हण. मूळ खतावर ज्यांनी सह्या केल्या त्या दोन्ही पक्षांच्या सह्या यावरही हव्यात, आणि सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस दाखल झाला पाहिजे. नोंदणीनंतर सूची क्रमांक दोनचा उतारा काढून क्षेत्राचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कारकुनावर विसंबू नकोस.

माझी खरी कळकळ निराळीच आहे. विक्रेते घाटकोपरचे वृद्ध गृहस्थ, आज सज्जनपणाने सही करतील. त्यांच्या पश्चात मात्र सर्व वारसांना एकत्र आणावे लागेल, परदेशातल्या मुलाचे कुलमुखत्यारपत्र मागवावे लागेल, आणि त्यांतील एकानेही नकार दिला तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २६ खाली दिवाणी न्यायालयाचे दार ठोठावावे लागेल. तेथेही, मूल्य देऊन सद्भावनेने हक्क संपादन केलेल्या तिऱ्हाइताला बाध येईल अशी दुरुस्ती न्यायालय करीत नाही. म्हणून येत्या रविवारीच त्यांच्याकडे जा, दोन्ही खते समोर ठेवून चूक दाखव, आणि त्यांच्या प्रकृतीस मानवेल असा दिवस त्यांनाच ठरवू दे; मुद्रांक व नोंदणीचा खर्च तूच सोस.

मसुदा तयार होताच मजकडे पाठव. सह्या होण्यापूर्वी मी तो एकदा पाहीन. वहिनींस सा. नमस्कार.

तुझा काका