वाचाहीन लॅपटॉपची कैफियत

आमच्या वाचनालयाच्या कपाटात गेल्या अनेक वर्षांच्या व्याख्यानांच्या कॅसेटी पडून होत्या, आणि फितींवरचे चुंबकीय लेपन झडून वक्त्यांचे आवाज कायमचे नाहीसे होण्यापूर्वी ते संगणकात उतरवून घ्यावेत असा ठराव कार्यकारी मंडळाने मंजूर केला, तेव्हा त्या कामासाठी लॅपटॉप खरेदी करण्याची जबाबदारी चिटणीस या नात्याने माझ्याकडे आली. दरपत्रके मागवण्यात आली आणि वहिवाटीप्रमाणे सर्वांत कमी रकमेचे पत्रक पसंत झाले. ती रक्कम कमी असण्याचे कारण त्या पत्रकातच बारीक अक्षरांत नमूद होते: यंत्र ‘डॉस’चे होते, म्हणजे किमतीत विंडोजचा परवाना समाविष्ट नव्हता. ‘विंडोज आम्ही टाकून देऊ,’ असे आश्वासन दुकानदाराने तोंडी दिले आणि खिशातल्या पेनड्राइव्हवर बाळगलेले विंडोज १० टाकून ते तत्परतेने पाळलेही.

यंत्र वाचनालयात रुजू झाले ते मुके आणि मंद अशा दुहेरी व्याधीनिशीच. पडद्याच्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली होती. त्यावर बाण नेला असता आवाज देणारे साधनच बसवलेले नाही असा मजकूर उमटे. आणि साधे पान वरखाली सरकवले तरी अक्षरे फरफटत जात. वास्तविक प्रोसेसर नव्या पिढीचा, रॅम ८ जीबी, साठवणीला ५१२ जीबीची एसएसडी. एवढा सरंजाम असताना यंत्राने असे का वागावे, या प्रश्नावर सभासदांनी आपापली मते मांडली, आणि यंत्र मुळातच सदोष असून ते बदलून मागावे हे मत बहुमताचे ठरले. बहुमताला येथे काही आधार नव्हता. दोन्ही व्याधींचे मूळ एकच होते आणि ते यंत्राच्या बांधणीत नव्हते.

विंडोज ही राज्यकर्ती प्रणाली आणि यंत्रातील चिपा यांच्यामध्ये ड्रायव्हर हा दुभाष्या असतो. तो नसेल तर चिप कितीही गुणवान असली तरी तिला हुकूम पोचत नाही. विंडोज आपल्यासोबत अशा सामान्य दुभाष्यांचा ताफा बाळगते खरे, परंतु जुन्या विंडोजच्या ताफ्यात तिच्यानंतर जन्मलेल्या चिपांची भाषा जाणणारा कोणी नसतो. चित्रांकनाच्या चिपेला योग्य ड्रायव्हर मिळाला नाही की विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ नावाची हंगामी तजवीज करते, आणि मग पडद्यावरची प्रत्येक हालचाल रेखाटण्याचा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर पडतो. आमची अक्षरे फरफटत होती ती त्यामुळे. आवाजाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. आमच्या यंत्रात तैवानच्या रिअलटेक कंपनीची ध्वनिचिप आहे, परंतु ती इंटेलच्या ‘स्मार्ट साउंड’ या यंत्रणेच्या आडोशाला बसवलेली आहे; त्यामुळे आधी त्या यंत्रणेचा ड्रायव्हर बसल्याशिवाय रिअलटेकची चिप अस्तित्वात आहे याचीसुद्धा विंडोजला वार्ता लागत नाही. अनेक नव्या लॅपटॉपांची रचना अशीच असते, आणि रिअलटेकचा ड्रायव्हर पुनःपुन्हा बसवूनही ज्यांना यश येत नाही त्यांच्या अपयशाचे कारण पुष्कळदा हेच असते.

तक्रार घेऊन दुकानात गेलो तेव्हा तेथील मुलाने आमच्या समक्ष एक ‘ड्रायव्हर पॅक’ चालवला. हजारो ड्रायव्हरांच्या त्या सरमिसळ कोठारातून त्याने जे जे जुळल्यासारखे वाटले ते ते यंत्रात कोंबले आणि आवाज आला. पण आला तो विहिरीतून आल्यासारखा, आणि हेडफोन लावले तरी स्पीकर बोलतच राहिला. एकच ध्वनिचिप निरनिराळे उत्पादक आपापल्या यंत्रांत निरनिराळ्या रीतीने जोडतात, कोणती तार स्पीकरकडे, कोणती हेडफोनच्या छिद्राकडे, हे ज्याचे त्याने ठरवलेले असते, आणि ही जोडणी उत्पादकाने त्या नमुन्यासाठी दिलेल्या ड्रायव्हरातच नोंदलेली असते, हे त्या कोठाराला ठाऊक असण्याचे कारण नाही. वर त्या मुलाने कृपावंत होऊन ड्रायव्हर आपोआप अद्ययावत ठेवणारा एक प्रोग्राम आणि मुदतीचा एक अँटिव्हायरसही बहाल केला. पहिला दर वेळी यंत्र सुरू होताच उठून दोषांची भयंकर यादी दाखवी आणि वर्गणी मागे. दुसरा प्रत्येक फाइल उघडताना तिची जबानी घेई. यंत्र अधिकच मंदावले. असल्या प्रोग्रामांविषयी माझे मत स्पष्ट आहे: ते फुकट मिळाले तरी महाग आहेत.

उपाय शेवटी सरळ मार्गाचाच करावा लागला. विंडोज १० ची सामान्य मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेली, आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावर आमच्या नमुन्यासाठी ड्रायव्हर होते ते फक्त विंडोज ११ चे. तेव्हा परवाना रीतसर विकत घेतला, मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून प्रत उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेतली आणि ज्याला बाजारात ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात तो विधी केला. त्याआधी एक दक्षता अवश्य घ्यावी. नव्या विंडोजला वायफायचीही ओळख नसण्याचा संभव असतो, आणि मग ड्रायव्हर आणायला इंटरनेट नाही व इंटरनेटला ड्रायव्हर नाही असा पेच पडतो. म्हणून यंत्राच्या पाठीवरचा अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर भरून सर्व ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर आधीच उतरवून ठेवावेत. ते बसवण्याचा क्रमही पाळावा: प्रथम चिपसेट, मग स्मार्ट साउंड, मग चित्रांकन, आणि आवाज त्यानंतर, प्रत्येकानंतर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोठे पिवळा त्रिकोण उरला आणि ते साधन कोणाचे हे उमगेना, तर त्याच्या गुणविशेषांत ‘हार्डवेअर आयडी’ पाहावा. त्यात व्हेन या अक्षरांपुढे १०ईसी असल्यास चिप रिअलटेकची, ८०८६ असल्यास इंटेलची आणि १०२२ असल्यास एएमडीची, असा सर्वत्र मान्य संकेत आहे.

ज्यांचा लॅपटॉप काल बोलत होता आणि आज अबोल झाला, त्यांनी मात्र एवढ्या थराला जाऊ नये. टीव्ही किंवा मॉनिटर केबलने जोडला असेल तर आवाज बहुधा मुकाट तिकडे वळलेला असतो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पुन्हा स्पीकरकडे वळवावा. सर्व्हिसेसच्या यादीतील ‘विंडोज ऑडिओ’ थांबवून पुन्हा चालू केल्यानेही पुष्कळदा कंठ फुटतो. एखाद्या अपडेटनंतर बिघाड झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्रायव्हरच्या पानावर ‘रोल बॅक’ची सोय आहे, आणि ती पूर्वीचा ड्रायव्हर परत आणते.

वेगाविषयी थोडेच सांगतो. नवे यंत्र आरंभी मंद भासते, कारण अपडेट उतरवणे आणि फायलींची सूची तयार करणे ही कामे पडद्याआड चाललेली असतात. तेव्हा ते चार्जरला जोडून स्वस्थ राहू द्यावे. नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा व स्टार्टअपच्या यादीतील बिनकामाचे प्रोग्राम बंद करावेत. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असताना दुसरा अँटिव्हायरस सामान्य गृहस्थाला लागत नाही. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅमची असली तरी तेवढ्यावर संसार चालत नाही. आमच्या यंत्रात रॅमचा दुसरा खाचा रिकामा होता, त्यात तितक्याच क्षमतेची पट्टी घातल्यावर जो फरक पडला तो कोणत्याही ‘बूस्टर’ प्रोग्रामाने पडला नसता. खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे, कारण कित्येक नमुन्यांत रॅम जडवलेली असते आणि मागाहून वाढवता येत नाही.

कॅसेटी उतरवू इच्छिणाऱ्यांसाठी एक बाब नमूद करतो: लॅपटॉपचे एकुलते एक छिद्र हेडसेटसाठी असते आणि त्यातून आत जाणारा मार्ग केवळ मायक्रोफोनचा, एकपदरी असतो, म्हणून टेपरेकॉर्डरची तार तेथे न खुपसता यूएसबीवर चालणारी ध्वनिपेटी घ्यावी. तिचा सामान्य ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच.

आमचे काम आता सुरळीत चालू आहे, पण परवाना आणि रॅम धरून जो खर्च झाला तो त्या दरपत्रकांतील सर्वांत मोठ्या रकमेहून अधिक भरला. ज्या संस्थांचे चिटणीस यंदा लॅपटॉप घेणार असतील त्यांना माझी विनंती आहे की, उत्पादकाने परवान्यासह भरलेले विंडोज ही अट दरपत्रके मागवतानाच लेखी घालावी, आणि यंत्र ताब्यात घेण्याआधी दुकानातच, हेडफोन लावून आणि न लावता, एखादे गाणे वाजवून पाहावे.