कानाचे दुखणे की जबड्याचे?

कान दुखू लागला की आपण कोमट तेलाची वाटी घेतो. पण कान निरोगी असूनही दुखतो. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडावे. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. त्यात गादीसारखी एक चकती असते. ती सरकली की 'कट्' असे वाजते. नुसते वाजते, दुखत नाही, तर घाबरू नये.

झोपेत दात खाणे, एकाच बाजूने चावणे, दिवसभर सुपारी चघळणे यांनी सांधा शिणतो. मग कानशील ठणकते, भाकरी चावत नाही, झोप मोडते. अशा दुखण्यापायी चांगली दाढ उपटून घेतलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. दाढ गेली, दुखणे राहिले!

दोन-तीन आठवडे पेज, मऊ भात खावा. ऊन पाण्याच्या फडक्याने शेकावे. एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवावेत.

आपली तीन बोटे उभी तोंडात मावतात का, तेही पाहावे. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्याची मावत नसतील, तिखटाने तोंड जळत असेल, तर गालाची आतली त्वचा आवळत चालली असावी. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. सुपारी त्याच दिवशी सोडावी आणि दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवावे.